बाजारच्या खेळाला न लावलेलं रीळ

धुळ्यात बाजाराच्या दिवशी तीनच्या खेळाला आलेल्या एकाही माणसाने चार वर्षांत पुरा पिक्चर पाहिला नाही. हे थिएटरच्या मालकांना माहीत होतं आणि मशीन चालवणाऱ्या मला माहीत होतं. मालक बिनघोर झोपत. मीही झोपत असे, खोटं कशाला सांगू? झोप उडाली ती पुढे.

हल्ली कुणी ना कुणी विचारतं की हे चित्रपट महोत्सव हवेत कशाला, पिक्चर काय घराजवळच्या थिएटरात दिसत नाही? विचारणारे शहाणे असतात आणि त्यांच्यापाशी उत्तरही तयार असतं. माझ्यापाशीही एक उत्तर आहे, पण ते द्यायचं तर आधी स्वतःची चोरी सांगावी लागते. म्हणून मी गप्प बसतो. आज सांगून टाकतो.

मी मूळचा जळगावचा. मॅट्रिकला दोनदा आपटल्यावर घरच्यांनी माझ्यावर पाणी सोडलं, आणि सत्तेचाळीस साली मी तिथल्या एका थिएटरात मशीन चालवायला शिकू लागलो. आमचे उस्ताद म्हणजे तिथले जुने ऑपरेटर. त्यांची बोटं कार्बनने कायमची काळी झाली होती. त्या वेळी मशीनमध्ये दिवा नसे. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यात ठिणगी पेटवायची आणि ती विझू द्यायची नाही. कांड्या जळत जातात, त्या सारख्या पुढे सरकवाव्या लागतात. त्यामुळे ऑपरेटरचा डोळा पडद्यावर कमी आणि काळ्या काचेतून कार्बनवर जास्त. उस्ताद म्हणत, पिक्चर बघायला लोक आहेत, आपण उजेड बघायचा.

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. बाजाराच्या दिवशी खेड्यावरची माणसं माल विकून, मीठमिरची घेऊन दुपारी थिएटरात शिरत. त्यांची शेवटची मोटार सहाला सुटे. पिक्चर असे चौदा रिळांचा, त्यात सरकारी बातमीपट लावणं सक्तीचं आणि मधली सुट्टी चहावाल्यासाठी सक्तीची. सगळं धरलं तर सहा वाजून जात. मग लोक शेवट टाकून उठत, दारात शिव्या देत. एकदा तर तिकिटाची खिडकी फोडली होती म्हणतात. तेव्हा खेळ पावणेसहाच्या सुमाराला संपलाच पाहिजे, आणि शेवट तर दाखवलाच पाहिजे. मग काढायचं मधून. कात्री लावायची नाही, नुसतं एखादं रीळ, कधी दोन, डब्यातच ठेवून द्यायची आणि पुढचं मशीनवर चढवायचं.

"कोन्तं काढानं?" मी विचारलं होतं.

"गानं काढं ते लोके खुर्च्या मोडतीन," उस्ताद म्हणाले. "मारामारी काढी ते पडदा फाडतीन. बाकी काय बी काढ. कोनले पत्ता लागाव नही."

पुढल्या वर्षी धुळ्याच्या थिएटरात मला मुख्य ऑपरेटरची जागा मिळाली आणि उस्तादांचं ते ज्ञान मी बरोबर घेऊन आलो. शेवटची मोटार इथंही सहाचीच होती. उस्तादांच्या थिएटरात चालून झालेला पिक्चर जळगावहून आमच्याकडे आला की आदल्या दिवशी मी रिळं उलटून बघे. ज्यात गाणं नाही, मारामारी नाही, विनोदी नट नाही, माणसं नुसती बसली आहेत, चालली आहेत, एकमेकांकडे बघताहेत, ते रीळ बाजारच्या खेळाला बाद. वगळलेली जागा कुणाला कळू नये इतपत बेमालूम रीळ निवडणं मला जमायला लागलं. त्याचा मला अभिमान वाटे, ही खरी शरमेची गोष्ट आहे.

आता गुरुजींविषयी. ते सोनगीरच्या शाळेत शिकवत. धुळ्याच्या बाजाराच्या दिवशी निम्मी पोरं आईबापांबरोबर बाजाराला येत, म्हणून शाळा दुपारी सुटे. गुरुजी मोटारीने धुळ्याला येत, पटकन भाजीपाला घेत, पिशवी दारवानाकडे ठेवत आणि दोन वाजल्यापासून माझ्या केबिनच्या लोखंडी जिन्यावर येऊन बसत. रविवारी ते गावात प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग घेत, इतर दिवशी शाळा. म्हणजे पिक्चर बघायचा तर त्यांना हा एकच खेळ. चार वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुठल्या खेळाला पाऊल ठेवलं नाही.

माणूस सडसडीत, टोपी पांढरीस्वच्छ, आणि बोलायला लागला की थांबणं नाही. जिन्यावर बसून ते मागच्या आठवड्याच्या पिक्चरबद्दल बोलत. खेळ सुटल्यावर त्यांना मोटार गाठायची असे, म्हणून आठवडाभर मनात घोळवून ठेवत आणि पुढच्या बाजारी मला सांगत. एकदा म्हणाले, गरिबाच्या घरातला तांब्या आणि सावकाराच्या घरातला तांब्या एकच होता, तुम्ही बघितलं का? मी कसला बघतो! पण ऐकायला मला फार आवडे. मालक माझ्याशी बोलत ते हाउसफुल्लच्या बोर्डाबद्दल, दारवान बोले नटीच्या कमरेबद्दल. पिक्चरबद्दल माझ्याशी बोलणारा धुळे शहरात हा एकच माणूस होता, तोही सोनगीरचा. आणि आठवड्यामागून आठवडे मी त्यालाच अर्धामुर्धा पिक्चर दाखवत होतो.

एक्कावन्नच्या दिवाळीनंतर एक मराठी पिक्चर आला. सासरी गांजलेल्या बहिणीला सणाला माहेरी आणायला भाऊ बैलगाडी घेऊन निघतो, असं त्यात होतं. मी बाजारच्या खेळाला नववं रीळ वगळलं. पुढच्या बाजारी गुरुजी आले ते चेहरा उजळून.

"भाऊ, काय दिग्दर्शक आहे हो! भाऊ गाडी जुंपून निघतो. गाडीत बहिणीसाठी गोधडी अंथरलेली. आणि पुढच्याच क्षणाला गाडी परत येताना दिसते, रिकामी! गोधडी तशीच्या तशी. तिथं काय झालं, सासूनं काय अपमान केला, काही नाही दाखवलं. एक शब्द नाही. दुसरा कुणी असता तर तिथं वीस मिनिटं रडारड घातली असती. याला म्हणतात संयम."

"हो ना, गुरुजी," मी म्हणालो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. जिन्यावर आम्ही दोघंच होतो, खेळाला तासभर अवकाश होता, माणूस प्रेमाचा होता. पण खरं सांगायचं तर आधी मला गुदगुल्या झाल्या. ज्या करामतीवर गुरुजी इतके खूश, ती माझी होती! दिग्दर्शकाला न सुचलेलं मी केलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प राहिलो. गुरुजी मात्र ती रिकामी गाडी विसरले नाहीत. प्रत्येक नवा पिक्चर त्या गाडीशेजारी ठेवून मोजत, आणि दर वेळी मला थोडं थोडं टोचू लागलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

जानेवारीत गुरुजी वर्तमानपत्राचं पान घडी करून घेऊन आले. मुंबईत जगभरच्या चित्रपटांचा महोत्सव भरणार होता. आपल्या देशात असं पहिल्यांदाच होत होतं. गुरुजींनी आयुष्यात कधी घेतली नव्हती तेवढी रजा टाकली आणि मला म्हणाले, तुम्ही पण चला, माझ्या ओळखीत पिक्चरवाला दुसरा कोण आहे? मालकांना मशीनची एक लेन्स मुंबईहून हवीच होती. चाळीसगावला गाडी बदलून आम्ही मुंबईला पोचलो आणि दादरला गुरुजींच्या मावसभावाकडे वळकट्या टाकल्या.

पहिला पिक्चर कुठल्या देशाचा होता ते मला आजही नीट सांगता येणार नाही. भाषा कळत नव्हती, खाली इंग्रजी अक्षरं येत. सुरुवातीला गुरुजी ती वाचून मला कानात मराठीत सांगत होते, मग तेही थांबले. त्यात एक म्हातारा होता. मुलगा दूर गेलेला. म्हातारा दारात बसतो, टपालवाला सायकलवरून येतो, मान हलवतो, निघून जातो. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच. गाणं नाही, वाजवणं नाही. मी सवयीने हिशेब करत होतो की हे दुसरं रीळ गेलं असतं, हे तिसरंही गेलं असतं, बाजारच्या खेळाला टपालवाला एकदा आला तरी पुरे. मग चौथ्यांदा टपालवाला आला, आणि म्हातारा त्याने मान हलवायच्या आतच उठला आणि त्यालाच पाणी घेऊन आला. बिचाऱ्याला रोज नाही म्हणायला किती जड जात असेल, ते त्या म्हाताऱ्याला कळलं होतं. गुरुजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि माझ्या अंगावर काटा आला तो मात्र निराळ्या कारणाने. पहिले तीन दिवस मी काढून टाकले असते, तर चौथ्या दिवशीचं ते पाणी नुसतं पाणी राहिलं असतं. मी आजवर काय काढत आलो ते मला तिथं, त्या खुर्चीत कळलं.

महोत्सव कशाला हवा याचं माझं निम्मं उत्तर हे. करणाऱ्याने जेवढा केला तेवढा पिक्चर तिथं दाखवतात, कुणाची मोटार सुटत नसते.

उरलेलं निम्मं उत्तर मला थिएटरबाहेरच्या फुटपाथवर मिळालं. खेळ सुटला तरी माणसं घरी जाईनात. उभ्या उभ्या भांडत होती, टपालवाला चार वेळा दाखवायला हवा होता की तीन. ओळख ना पाळख. एक कलकत्त्याचा बँकेतला कारकून होता आणि एक नागपूरचा कॉलेजात शिकणारा. गुरुजी आधी लांबून ऐकत राहिले, मग हळूच आत शिरले, आणि दहा मिनिटांत त्यांच्या मोडक्या हिंदीत असे काही बोलू लागले की ते दोघं मान वाकवून ऐकत होते. चहा झाला, पुन्हा चहा झाला. परतताना गुरुजी लहान पोरासारखे खुशीत होते, आणि माझ्याशी कधी नव्हे ते गावच्या बोलीत म्हणाले, "भाऊ, इतला वरीस माले वाटे, मी एकलाच येडा शे."

चार दिवस ती चौकडी जमली. आणि चौथ्या दिवशी यादीत गुरुजींना तो दिसला. उद्या आपल्याकडचा एक पिक्चर होता, तोच, भावाबहिणीचा, बैलगाडीचा.

गुरुजींनी दोघांना फुटपाथवरच रिकाम्या गाडीची गोष्ट सांगितली. "पाहाच तुम्ही," ते म्हणाले. "गाडी निघते आणि एकदम रिकामी परत. मध्ये एक अक्षर नाही. परदेशातल्या या सगळ्यांना शिकवील आपला माणूस." कलकत्त्याच्या कारकुनाने दुसऱ्या पिक्चरचं काढलेलं तिकीट कुणाला तरी देऊन टाकलं. गुरुजी म्हणतात म्हणजे बघायलाच हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही रांगेत उभे होतो. तीन तास. त्या तीन तासांत मी तीनदा तोंड उघडलं. एकदा चहावाला आला, एकदा रांग पुढे सरकली, आणि एकदा काहीच आडवं आलं नाही, फक्त माझी जीभ उचलली नाही. नुसतं एवढंच म्हणायचं होतं की गुरुजी, हा नको, दुसरा बघू. तेवढंही मला जमलं नाही.

आठवं रीळ संपलं. भाऊ गाडी जुंपून निघाला. गुरुजींनी कोपराने कारकुनाला डिवचलं, आता बघा. आणि पडद्यावर सासरचं अंगण आलं. बहीण धावत बाहेर आली. तिचं गाठोडं आधीच बांधून तयार होतं. आत सासू अंथरुणाला खिळलेली. पहिला अर्धा पिक्चर जिने सुनेला छळ छळ छळलं ती सासू, आता तिला कूस बदलता येत नव्हती. कुणी बहिणीला नको जाऊ म्हटलं नाही. सासूनेही नाही. ती फक्त भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भाऊ अंगणात थांबला. बैल सोडले, पाणी पाजलं, पुन्हा जुंपले. बहीण उंबऱ्यात उभी राहिली ती किती वेळ राहिली, आणि मग गाठोडं खाली ठेवून म्हणाली, दादा, तू जा. म्हणजे गाडी रिकामी आली ती सासूच्या दुष्टपणाने नव्हे, बहिणीच्या मनाच्या मोठेपणाने. सबंध पिक्चर त्या एका रिळासाठी केलेला होता.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर टोपी काढून ठेवली होती तिच्या कडेवरून ते अंगठा फिरवत राहिले.

बाहेर आल्यावर कारकून फार हळुवारपणे म्हणाला, "मास्टरजी, वो सीन तो था।" भला माणूस होता. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. गुरुजी हसले. "मेरी आँख लग गई होगी," म्हणाले. डुलकी लागली असेल! हा माणूस सकाळी शाळा घेऊन, बाजारात धावपळ करून आला तरी त्याने कधी जांभई दिलेली मी पाहिली नव्हती. नागपूरच्या पोराने विषय बदलला. थोड्या वेळाने ते दोघं निरोप घेऊन गेले.

आम्ही चालत निघालो. वाटेत गुरुजी म्हणाले, "भोकाला मी नक्षी समजलो हो, भाऊ." आणि मग मला विचारलं, "तुमच्याकडे ते रीळ आलंच नव्हतं का?"

त्यांनी सुटकेचं दार उघडून दिलं आणि मी त्यातून पळालो. "नाही आलं," मी म्हणालो. "जळगावहूनच तसं आलं होतं. तिकडे तुटलं असेल."

"आणि बाकीचे पिक्चर?"

"बाकीचे पुरे होते, गुरुजी. सगळे पुरे."

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमचा काय दोष? महोत्सवाचे आणखी तीन दिवस होते. गुरुजी फुटपाथवर थांबले नाहीत, त्या दोघांना टाळून दुसऱ्या दाराने बाहेर पडत राहिले. जिथं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासारखी माणसं भेटली, तिथं मी त्यांना चोरासारखं वावरायला लावलं. आम्ही लेन्स घेऊन एक दिवस आधीच परतलो.

धुळ्याला आल्यावर मी शपथ घेतली आणि पुढच्या बाजारी चौदाच्या चौदा रिळं लावली. खेळ सहा वाजून गेल्यावर सुटला. मोटार गेली. साठ-सत्तर माणसं, बायका, लेकरं स्टँडवर बसून राहिली आणि त्यांनी मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गुरुजीही त्यांच्यातच होते, सोनगीरपर्यंत एका मालट्रकवर बसून गेले. मालकांनी मला केबिनमधून खाली बोलावून सगळ्यांसमोर झापलं. त्याच्या पुढच्या बाजारी मी पुन्हा एक रीळ डब्यात ठेवलं. खेळाआधी गुरुजींनी जिन्याखालूनच विचारलं होतं, "आज बठ्ठं उनं ना?" सगळी रिळं आली ना, असं, आणि मी वरून हो म्हटलं होतं. आता ते जिन्यावर बसत नसत. पिक्चरबद्दल बोलतही नसत. आपल्याला पिक्चर बघताच येत नाही असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

महिनाभराने उस्तादांचा निरोप आला, येऊन जा. मी जळगावला गेलो. उस्ताद घराच्या ओट्यावर बसून बिडी ओढत होते. त्यांनी मला बसही म्हटलं नाही.

"सोनगीरना मास्तरनं कार्ड उनं व्हतं," ते म्हणाले. "इचारे, रीळ कसं तुटनं, ते जोडता येईन का."

गुरुजी कुणाला दोष द्यायला नव्हे, ते रीळ सापडलं तर जोडून घ्या, दुसऱ्यांना तरी पुरा पिक्चर दिसू दे, एवढं सांगायला लिहून बसले होते.

"मी लिखी धाडं, चूक आमनीच शे," उस्ताद म्हणाले. "तुन्हं नाव नही लिधं. मी म्हतारा शे, मन्हं काय? पन तू त्याले सांग."

उस्तादांच्या मशीनवर ते रीळ एकदाही तुटलं नव्हतं. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. आजही तो ओटा डोळ्यांसमोर आला की मला मान वर करवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने मी सोनगीरला उतरलो. किल्ल्याखालच्या वस्तीतून विचारत विचारत शाळेत गेलो. लघवीची सुट्टी झाली होती, पोरं अंगणात ओरडत होती. गुरुजी मला बघून खूश झाले, कुणाला तरी पाण्याला पिटाळू लागले. मी म्हटलं, आधी ऐका, आणि व्हरांड्यात उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मोटारीचं, मालकांचं, नवव्या रिळाचं, जळगावच्या खोट्याचं. चारही वर्षांचं.

मला वाटलं होतं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. किंवा हात जोडून जा म्हणतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते थोडे पुढे झाले आणि त्यांचे डोळे एकदम पूर्वी जिन्यावर असत तसे झाले.

"म्हणजे प्रत्येक पिक्चरमध्ये आणखी काहीतरी होतं?"

"होतं, गुरुजी."

"मग सांगा ना!" त्यांनी माझा दंडच धरला. "तो विहीर खणणारा बाप. मुलगी पळून जाते आणि मूल घेऊन परत येते. मी बघितलं तेव्हा एकदम शेवटच आला, ती एकटीच वाटेने चाललेली. तो तिला माफ करत नाही असं मी धरून चाललो होतो. मध्ये काय होतं? माफ करतो का तो?"

तो पिक्चर आमच्याकडे तीन आठवडे चालला होता. बाजारचे खेळ सोडले तर बाकी सगळ्या खेळांना ते रीळ मी माझ्या हाताने लावलं होतं, पन्नासेक वेळा तरी. मी आठवायचा प्रयत्न केला. मला कार्बनचा पांढरा उजेड आठवला, त्या दिवसांत कांड्या दमट निघाल्या होत्या ते आठवलं.

"आठवत नाही, गुरुजी."

"बरं, तो आंधळा पेटीवाला? तो गाव सोडून का जातो?"

"नाही आठवत."

"जुळ्या भावांचा?"

मी मान हलवली. ते एकेक विचारत गेले आणि मी एकेकाला नाही म्हणत गेलो. त्यांचा माझ्या दंडावरचा हात हळूहळू सैल झाला.

"पण भाऊ, तुम्ही तर रोज बघत होता."

"मी उजेड बघत होतो," मी म्हणालो.

घंटा झाली. पोरं धक्काबुक्की करत वर्गात शिरली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, त्यात राग नव्हता, माझी कीव होती. जा, तुमची मोटार निघेल, म्हणाले आणि वर्गात गेले.

ते पुढेही बाजाराला येत, रस्त्यात भेटले तर घरची खुशाली विचारत. थिएटरात मात्र पुन्हा आले नाहीत. मी तो विहिरीचा पिक्चर नंतर पुष्कळ शोधला. जळगावात, मुंबईत, जुन्या रिळांच्या गोदामांत. जुन्या प्रती वितळवून त्यातली चांदी काढून घेतात, उरलेल्या पट्टीच्या बांगड्या करतात, असं मला एका गोदामवाल्याने सांगितलं. गुरुजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो बाप मुलीला माफ करतो की नाही, हे मला अजून माहीत नाही.